परदेशी घर मिळालेल्या गावठी कुत्र्याचे कागद पुन्हा पुन्हा का अडतात

कुत्रं ठणठणीत आहे, जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये घर मिळालंय, तिथली माणसं रोज व्हिडिओ कॉलवर त्याला बघतात, आणि निघायला पंधरा दिवस उरले असताना कळतं की रेबीजचा टायटर रिपोर्ट, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं माप, चालत नाही. पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात रस्त्यावरची कुत्री सांभाळणाऱ्यांची हीच तक्रार सारखी कानावर येते. दर वेळी कारण वेगळं सांगितलं जातं. पण लसीची वही पहिल्या पानापासून वाचली की चूक बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच सापडते. एक तर कातडीखालची ओळखीची चिप, लस आणि रक्ताचा नमुना यांचा क्रम उलटा झालेला असतो, नाही तर लस टोचली तेव्हा कुत्र्याच्या अंगात तिला दाद देण्याची ताकदच नसते.

आधी बरोबर क्रम बघू. युरोपीय संघ आणि ब्रिटन दोघेही भारताला रेबीजच्या बाबतीत सवलतीच्या यादीत धरत नाहीत. म्हणून नुसती लस पुरत नाही. लसीने अंगात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली हे रक्तातून सिद्ध करावं लागतं, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. रिपोर्टमध्ये आकडा प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवा.

समजा ५ जूनला चिप बसवली आणि लगेच त्याच बैठकीत रेबीजची पहिली लस दिली. ३ जुलैला दुसरी लस. ४ ऑगस्टला रक्त. तर युरोप किंवा ब्रिटनसाठी सगळ्यात लवकरची तारीख ४ नोव्हेंबर, आणि तिकीट त्याच्याही तीन-चार दिवस पुढचं काढावं. तीन महिने मोजायचे ते रक्त काढल्याच्या तारखेपासून, रिपोर्ट हातात पडल्याच्या तारखेपासून नव्हे. लसीआधीचे तीन-चार आठवडे औषधपाण्याला जातात. म्हणजे रस्त्यावरून उचलल्यापासून विमानापर्यंत सहा महिने धरून चाला. कुणी दोन महिन्यांत करून देतो म्हणत असेल तर त्याच्याकडे कुत्रं देऊ नका.

"रिपोर्ट चांगला आला, पण चिपच्या तारखेमुळे नाकारला"

चिप लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी लसीपूर्वी बसलेली असावी लागते. चिप नंतर बसली तर आधीची लस त्या कुत्र्याची होती याला पुरावा उरत नाही, म्हणून ती लस कागदावर शून्य. नसबंदीच्या मोहिमेत पकडलेल्या, कान कापलेल्या कुत्र्याला तिथे रेबीजची लस मिळालेली असते. ती त्याच्या जिवासाठी मोलाची आहे, पण चिपशिवाय दिलेली असल्यामुळे परदेशी कागदात ती धरता येत नाही. यावर उपाय एकच: चिप बसवा आणि पुन्हा लस द्या. आधीची लस असल्याने नुकसान होत नाही. उलट अशा कुत्र्याचा टायटर सहसा चांगला येतो.

चिप १५ आकडी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ प्रमाणातलीच घ्या. ९ किंवा १० आकडी स्वस्त चिपा बाजारात मिळतात, त्या विमानतळावरच्या रीडरला दिसतीलच असं नाही. चिप तीनदा स्कॅन करायची: पाकिटात असताना, टोचल्यावर लगेच, आणि लसीची सुई भरण्याआधी. तिन्ही वेळा आकडा स्टिकरशी अंकाअंकाने जुळवा. स्टिकर एक वहीत, एक तुमच्याकडे, एक टायटरच्या फॉर्मसाठी राखून ठेवा. हाताने लिहिताना १ आणि ७ यांची गल्लत होते, आणि एवढ्या एका आकड्यावरून फाईल परत येते.

दोन खांद्यांच्या मध्ये बसवलेली चिप पुढे सरकून खांद्यावर किंवा कोपराजवळ उतरते. "चिप गेली" म्हणण्याआधी रीडर अंगाला टेकवून सावकाश नागमोडी फिरवा, दोन्ही बाजूंनी, पार कोपरापर्यंत. रीडरची बॅटरी उतरलेली असली तरी चिप सापडत नाही.

"टायटर ०.५ च्या खाली आला"

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. लस खराब होती असं म्हणून लोक मोकळे होतात. तसं असूही शकतं, पण रस्त्यावरच्या कुत्र्यात कारण बहुधा कुत्र्याच्या अंगातच असतं.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातून किंवा ऊसतोडीच्या वस्तीवरून आणलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड असतात, आणि गोचीड म्हटलं की त्यांच्यातून येणारे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार आलेच. वरून कुत्रं खातंय, खेळतंय, पण प्लेटलेट उतरलेल्या असतात. पोटात जंत, अंगावर खरूज, वजन चार किलोने कमी. असं कुत्रं आणलं त्याच दिवशी लस टोचली तर अंग लसीला नीट उत्तर देत नाही. खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर तेही प्रतिपिंडं दाबतं. मादीला किंवा नराला संसर्गजन्य लैंगिक गाठ असेल आणि विन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाची इंजेक्शनं चालू असतील, तर ती संपून रक्त पूर्वपदावर येईपर्यंत टायटरसाठीची लस देण्यात अर्थ नाही.

म्हणून लसीआधी हे करून घ्या. आल्या दिवशी जंताचं औषध आणि गोचिडांचं औषध, दोन आठवड्यांनी जंताचं पुन्हा. रक्ताची पूर्ण तपासणी आणि गोचीडतापाची चाचणी. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो, तो अर्धवट सोडू नका. वजन वाढायला लागलं, हिरड्या गुलाबी झाल्या, की मग चिप आणि लस. हे तीन-चार आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात, पण नापास टायटर चार महिने खातो.

दुसरं कारण म्हणजे एकच लस. नियमाने एक लस पुरते, आणि घरच्या पाळलेल्या, दरवर्षी लस घेतलेल्या कुत्र्याला ती पुरतेही. पण आयुष्यात पहिल्यांदा लस घेणाऱ्या कुत्र्यात प्रतिपिंडं चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोचतात आणि मग उतरू लागतात. त्यामुळे रस्त्यावरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन लसी द्याव्यात असं आमचं ठाम मत आहे. दुसऱ्या लसीचा खर्च नमुना पुन्हा पाठवण्याच्या कुरिअरच्या खर्चापुढे काहीच नाही.

तिसरं कारण: रक्त चुकीच्या वेळी काढलं. शेवटच्या लसीनंतर ३० दिवस पूर्ण व्हायलाच हवेत. २९ व्या दिवशीचं रक्त कितीही चांगलं असो, नाकारलं जातं. आणि कुणीतरी "आता सवडीने काढू" म्हणून चार-पाच महिन्यांनी काढलं तर आकडा तोवर उतरलेला असतो. ३१ ते ४० दिवसांच्या मध्ये काढा.

आता लसीबद्दल. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. एप्रिल-मे मध्ये मेडिकलमधून शर्टाच्या खिशात घालून दवाखान्यात नेलेली लस टोचू नका. उलटी चूकही होते: बर्फाच्या पेटीत कुपी बर्फाला थेट चिकटून गोठते. या लसीतला अॅल्युमिनियमचा घटक गोठला की लस बिघडते, आणि नंतर वितळल्यावर डोळ्यांना काही कळत नाही. कुपी आणि बर्फ यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवा. तालुक्याच्या गावी वीज सहा-सात तास गेली असेल तर त्या फ्रीजमधली लस घेऊ नका, सरळ विचारा. मात्रा १ मिलि, कुत्रं लहान असो की मोठं. "छोटं आहे, अर्धी देऊ" हे ऐकायचं नाही.

टायटर नापास झालाच तर खचून जाऊ नका. आजार आणि वजन बघा, लस द्या, ३० दिवस थांबा, पुन्हा रक्त काढा. युरोप-ब्रिटनचे तीन महिने मात्र या नव्या रक्तापासून पुन्हा सुरू होतात.

"नमुना खराब म्हणून प्रयोगशाळेने परत कळवलं"

रक्त साध्या, लाल टोपणाच्या नळीत घ्यायचं. जांभळ्या टोपणाची नळी घेतली तर नमुना गेला. ५ मिलि रक्त काढलं की साधारण २ मिलि सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी, मिळतं, तेवढं पुरेसं. नळी अर्धा ते एक तास उभी ठेवून गोठू द्यायची, मग सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळ्या नळीत घ्यायचं. सीरम फिकट पिवळं दिसायला हवं. लालसर दिसलं तर रक्तपेशी फुटल्या आहेत. बारीक सुईने घाईघाईत ओढलं, किंवा न वेगळं केलेलं रक्त फ्रीजरमध्ये टाकलं, की असं होतं. धडपडणाऱ्या कुत्र्याचं रक्त काढायला दोन माणसं लागतात, एकट्याने करू नका.

सेंट्रिफ्यूज तुमच्या डॉक्टरांकडे नसेल तर जवळच्या माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबला आधी विचारून ठेवा. अनेकजण मदत करतात, पण नळीवर चिपचा नंबर आणि तारीख आधी तुम्हीच लिहा. सीरम शुक्रवारी किंवा सणाच्या तोंडावर पाठवू नका, सोमवारी पाठवा.

कुठे पाठवायचं हा सगळ्यात महाग पडणारा प्रश्न. जाणार त्या देशाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचाच रिपोर्ट चालतो. युरोपची यादी वेगळी, अमेरिकेच्या सीडीसीची, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची, यादी वेगळी. जर्मनीला चालणारी लॅब अमेरिकेला चालेलच असं नाही. नमुना निघण्याआधी त्या दिवशीच्या यादीत लॅबचं नाव स्वतः बघा. घरबसल्या किटवर केलेली "अँटिबॉडी टेस्ट" कुठेच चालत नाही. पद्धत एफएव्हीएन किंवा आरएफएफआयटी, म्हणजे प्रतिपिंडं विषाणूला निष्प्रभ करतात का हे प्रयोगशाळेत बघणारी, हीच हवी.

"वहीतल्या नोंदी वाचता येत नाहीत"

आपल्या भागात ही अडचण हमखास येते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद आणि शिक्का कन्नडमध्ये, नंतरची लस कोल्हापूरला दिली तर नोंद मराठीत, आणि मालकाचं नाव तीन ठिकाणी तीन स्पेलिंगने. फ्रँकफर्टच्या अधिकाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. दोन राज्यांतले डॉक्टर असायला हरकत नाही, पण प्रत्येक नोंद इंग्रजीत लिहून घ्या: लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत, दिल्याची तारीख, पुढची तारीख, चिप नंबर, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांच्या राज्याच्या पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. कुपीवरचं स्टिकर चिकटवलं तर उत्तमच. महिना अक्षरात लिहायला सांगा. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे.

जन्मतारीख हा आणखी एक सापळा. रस्त्यावरच्या पिल्लाची तारीख अंदाजेच असणार. दातांवरून ठरवतात: पुढचे पक्के दात तीन ते पाच महिन्यांत, सुळे पाच-सहा महिन्यांत, सात महिन्यांपर्यंत सगळे ४२. डॉक्टरांनी एकदा ठरवलेली तारीख शेवटपर्यंत बदलायची नाही. रेबीजची लस पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्यावर दिलेलीच ग्राह्य असते. एका कागदावरची जन्मतारीख महिनाभर पुढे सरकली तर लस वयाआधी दिली असं दिसतं आणि सगळं कोसळतं. जात आणि रंगाचंही तेच. एका कागदावर 'मोंग्रेल', दुसऱ्यावर 'इंडी', तिसऱ्यावर 'क्रॉस' असं नको. कापलेल्या कानाचा उल्लेख ओळखीच्या खुणेत करा, म्हणजे कुणी ती जखम समजणार नाही.

"तीन महिने थांबलो, तरी टायटर बाद"

बूस्टरची तारीख उलटली असेल. मधल्या काळात लसीची मुदत एक दिवसाने जरी चुकली तरी पुढची लस 'पहिली' धरली जाते आणि टायटर पुन्हा करावा लागतो. युरोपसाठी, बूस्टर एकदाही न चुकवता चालू ठेवले तर एकदा पास झालेला टायटर पुन्हा करावा लागत नाही. म्हणून वहीतल्या पुढच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच बूस्टर द्या.

देशागणिक काय बदलतं

दत्तक म्हणजे मालकी बदलणं. युरोपीय संघात पाळीव प्राण्याची साधी, बिगरव्यापारी वाट फक्त मालकी बदलत नसेल तरच मिळते, आणि कुत्रं मालकाबरोबर, किंवा त्याने लेखी नेमलेल्या व्यक्तीबरोबर मालकाच्या प्रवासाच्या आधी-नंतर पाच दिवसांत जाणार असेल तरच. दत्तक देण्यासाठी पाठवलेलं कुत्रं व्यापारी आयातीच्या नियमांत येतं. ब्रिटनचंही तसंच. कुणा प्रवाशाच्या नावावर "माझंच कुत्रं" म्हणून पाठवायचं आणि तिथे हस्तांतर करायचं, हा सर्रास दिला जाणारा सल्ला खोट्या जाहीरनाम्याचा आहे. पकडलं गेलं तर कुत्रं विलगीकरणात अडकतं किंवा परत येतं, आणि ते कुत्र्यालाच भोगावं लागतं. दत्तक घेणाऱ्यांना सुरुवातीलाच त्यांच्या देशाच्या पशुवैद्यकीय खात्याकडून लेखी विचारून घ्यायला सांगा.

ब्रिटनला जाताना फीतकृमीचं औषध लागतं, प्राझिक्वांटेल असलेलं, तिथे पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मध्ये, डॉक्टरांनी तारीख आणि वेळेसकट नोंदवलेलं. बेळगावातून देऊन निघालात आणि विमान पुढे ढकललं तर १२० तास उलटतात. ते बंगळुरू किंवा मुंबईतच, उड्डाणाच्या दोन दिवस आधी द्या.

अमेरिकेचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले. भारत तिथे रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत मोडतो. कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप, सीडीसीचा आयात फॉर्म, लस आणि चिपचं प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्याने साक्षांकित केलेलं, आणि सीडीसीकडे नोंदलेल्या प्राणी केंद्रात आधी आरक्षण. ते केंद्र असलेल्या विमानतळावरच उतरता येतं. मान्य लॅबचा टायटर असेल (कुत्रं पोचण्याच्या किमान २८ दिवस आधी काढलेल्या रक्ताचा) तर विलगीकरण टळतं, नाहीतर २८ दिवस. दत्तकासाठी जाणाऱ्या कुत्र्याला यूएसडीएचा, म्हणजे तिथल्या कृषी खात्याचा, परवाना वेगळा लागतो.

कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून जास्त धोक्याच्या देशांतून व्यापारी कुत्र्यांना बंदी केली आहे, आणि दत्तक त्यांच्या व्याख्येत व्यापारीच. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट कुत्रं जात नाही. या दोन देशांतल्या लोकांना सुरुवातीलाच खरं सांगा. सहा महिने आशेवर ठेवू नका.

शेवटचे दहा दिवस

निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेकडून मिळतं. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आहे, पण हे केंद्र नाही. तेव्हा बेळगावहून बंगळुरू किंवा मुंबई, दोन्हीकडे सुमारे ५०० किलोमीटर. जिथून विमान आहे त्याच शहराचं केंद्र घ्या. युरोपचं प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसच चालतं, म्हणून ते फार आधी करून ठेवता येत नाही.

बंगळुरूला रेल्वेने न्यायचं तर कुत्र्याला फर्स्ट एसीच्या आख्ख्या कूपेत किंवा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जागा असते. भित्र्या गावठी कुत्र्याला ती पेटी देऊ नका, गाडी करा. मुंबईला रस्त्याने जाणार असाल तर स्वतःचं वाहन हवं. सीमाप्रश्न पेटला की दोन्ही राज्यांच्या बस बंद पडतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवामुळे राज्य सरकारी कार्यालयं बंद असतात, आणि पुढे-मागे दिवाळी येते. सरकारी डॉक्टरांची सही त्या आठवड्यावर ठेवू नका.

पिंजरा आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे हवा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभं असताना कानाच्या टोकापर्यंत उंची अशी चार मापं घ्या. गावठी कुत्र्याचे कान उभे असतात, म्हणून डोक्यापर्यंतचं माप घेतलं तर पिंजरा हमखास कमी पडतो. आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं अर्ध, रुंदी म्हणजे खांद्याच्या दुप्पट, उंची म्हणजे कानापर्यंत अधिक अंथरुणाची जाडी. ७२, ३४, २० आणि ६६ सेंटिमीटर मापाच्या कुत्र्याला, अंथरूण ३ सेंटिमीटर धरून, आतून निदान ८९ लांब, ४० रुंद, ६९ उंच पिंजरा लागतो. जोडाला प्लास्टिकच्या क्लिपा नकोत, धातूचे नटबोल्ट लावा. झोपेचं औषध देऊन पाठवू नका. बहुतेक विमान कंपन्या असं कुत्रं घेत नाहीत, आणि हवेत रक्तदाब उतरण्याचा धोका असतो.

टायटरनंतरचे तीन महिने पिंजऱ्याची सवय लावायला वापरा. पहिले पंधरा दिवस दार काढून आत जेवण ठेवा, मग रात्री आत झोपू द्या, मग दार लावा. हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्यांनी. परदेशात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात घाबरून निसटणं हा मोठा धोका असतो, आणि मोकळ्या रस्त्यावर वाढलेलं कुत्रं कुंपण सहज ओलांडतं. दत्तक घेणाऱ्यांना हे लेखी कळवा.

निघायच्या आदल्या रात्री चिप पुन्हा स्कॅन करा. आकडा आला की प्रमाणपत्र, टायटर रिपोर्ट आणि वही, तिन्हींशी जुळवून बघा. आकडा आलाच नाही तर दुसरा रीडर आणा, खांदे, छाती, कोपर सगळं तपासा. तरीही नाही सापडली तर तिकीट पुढे ढकला. नवी चिप टोचून जुन्या नंबरचे कागद चालवायला जाऊ नका. तिथे ते कुत्रं तुमच्या फाईलमधलं नाही असंच धरलं जातं.